चौथ्या भागात मेलेला दिवेवाला

परवा एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आले आणि उभ्या उभ्या माझी खरडपट्टी काढून गेले. आम्ही छापतो त्या एका अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकेचं प्रकरण होतं. पहिल्या भागावर ‘तीन भागांत पूर्ण’ असं आम्हीच ठळक छापलेलं, आणि आता सहावा भाग दुकानात. “अहो, त्या राजकन्येला नातवंडं व्हायची वेळ आली, तरी तिचा पाय काही त्या जंगलातून निघत नाही. किती लांबण लावायची?” मी त्यांना बसवलं, चहा दिला, तुमचं म्हणणं लेखिकेला कळवते म्हणाले. ते गेल्यावर मी पुन्हा माझ्या टेबलाशी जाऊन बसले. म्हणायला माझं, मुळात ते माझ्या मावशीचं.

मालिका लांबली की लोक दोघांच्या नावानं बोटं मोडतात. प्रकाशकाला हाव सुटली म्हणतात, नाहीतर लेखक आटला म्हणतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. तीस वर्षं या धंद्यात काढली आहेत मी, मला कोणी सांगायला नको. पण मुद्रितशोधकाला कोणी बोल लावलेला मी ऐकला नाही. छापण्याआधी पान न् पान कोणीतरी तपासून देतं हेच मुळी लोकांच्या गावी नसतं. माझ्या मावशीनं चाळीस वर्षं ते काम केलं, आणि आम्हीच पूर्वी छापलेली पाच दारांच्या किल्ल्याची गोष्ट सतरा भाग चालली ती एकट्या तिच्यापायी. आता सांगून टाकते.

मावशी लहान चणीची. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. डावीकडे लेखकाच्या हातची मूळ प्रत, उजवीकडे प्रुफं, आणि ओळीखाली सरकवायला एक लाकडी पट्टी, तिचे कोपरे झिजून गोल झालेले. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, हा तिचा नियम. तो नियम ती जगालाही लावायची. वरच्या मजल्यावरच्या बाई नवऱ्याला सोडून गेल्या अशी बातमी मी आणली, तर ही मान वर न करता विचारणार, “मूळ प्रत बघितलीस का?” दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन मालकाला सांगायची. तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, “ही मरताना डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मगच जाईल.”

चुकलेल्या शब्दावर लाल रेघ मारली की तो शब्द गेला. पण रेघ मारल्यावर मन बदललं, तर त्या शब्दाखाली बारीक टिंबं द्यायची. टिंबं म्हणजे, खोडलंय खरं, पण राहू द्या. या धंद्यातली ही जुनी खूण आहे. मावशी टिंबं फार क्वचित द्यायची. एकदा मारलेली रेघ मागे घेणं तिला कमीपणाचं वाटायचं.

मालिकांसाठी तिची एक जाड वही होती. कोण जिवंत, कोण मेलं, कोणाचे डोळे कोणत्या रंगाचे, कोणाच्या कुठल्या हातावर व्रण. लेखक विसरतात, वाचक विसरत नाहीत. प्रुफं वाचून झाली की मावशी लेखकाला शंकापत्र पाठवायची. ‘पान ९१ वर घोडा बुडाला, पान १०४ वर त्याच घोड्यावरून सेनापती उतरतो. खुलासा व्हावा.’ असली पत्रं. मोठमोठे लेखक त्या पत्राला टरकून असायचे.

आणि मी जुळणीला. लेखकाच्या हस्ताक्षरातून मजकूर संगणकावर घ्यायचा, पानं लावायची. मी वाचत नाही. हे अभिमानानं सांगायचे मी पूर्वी. मजकूर डोळ्यांतून सरळ बोटांत उतरतो, मध्ये डोक्याला त्रास नाही. मी जुळवलेल्या पुस्तकाचा शेवट मला कोणी विचारला तर सांगता यायचा नाही.

काकांचं चष्म्यांचं दुकान आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे. एका माणसापुरती जागा, समोर अक्षरांचा तक्ता, तपासणीची उंच खुर्ची. ‘उद्या या’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही. रस्त्यात भेटलेल्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला दिसला, तर तिथेच खिशातला पेचकस काढून पिळून देणार. संध्याकाळी सहाला दुकान बंद करून ते मावशीला न्यायला यायचे. तिच्या नाकावरचा चष्मा अलगद उतरवायचे, काचेवर श्वास सोडायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि म्हणायचे, “डोळ्यांना जरा सुट्टी दे.” रोज. मी बघायचे आणि हसायचे. आता त्याचं हसू येत नाही.

त्या दुपारी मावशीसमोर किल्ल्याच्या चौथ्या भागाची प्रुफं होती. काकांच्या शेजारचा कुलुपं-किल्ल्या बनवणारा धापा टाकत आला. “काकांना बरं वाटत नाहीये. जरा येता का, म्हणाले.”

‘जरा’ म्हणाले ना, तिथेच घात झाला. मावशीच्या हातातल्या फर्म्याची, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या जुडीची, आठ पानं उरली होती, यंत्र त्याच्यासाठी खोळंबलं होतं. “एवढा फर्मा हातावेगळा करून आलेच,” ती म्हणाली. चाळीस मिनिटं लागली. किल्लीवाला तिथूनच डॉक्टरांना शोधायला धावला. मावशी पोचली तेव्हा काका तपासणीच्या उंच खुर्चीत बसलेले होते, तोंड दाराकडे, आणि गेलेले होते. ती चाळीस मिनिटं ते एकटे होते. दाराकडे बघताना त्यांच्या मनात काय आलं, ते रागावले का, त्यांनी तिला हाक मारली का, हे सांगायला कोणी नव्हतं. मावशीला त्यानंतर जगात एवढी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

ती शेवटची आठ पानं कशाची होती हे मला फार उशिरा कळलं. किल्ल्यावर एक दिवेवाला असतो, बुरुजावरचा दिवा रात्रभर जळता ठेवणारा. बदलीचा माणूस येईल म्हणून तो खुर्चीत वाट बघत बसतो. बदली येत नाही. सकाळी दिवा विझलेला असतो आणि तोही. पंधरा ओळींत लेखकानं त्याला संपवून टाकला होता. मावशीनं वहीत लिहिलं, ‘दिवेवाला, मृत, भाग ४’, आणि मग चपला घातल्या.

दारं पाच, तेव्हा पाचव्या भागात गोष्ट संपायची होती. संपलीही होती. लेखक भिडस्त आणि कामाला चोख. दूरच्या गावी राहायचे, हस्तलिखित टपालानं पाठवायचे. स्वतःचं छापलेलं पुस्तक त्यांनी कधी उघडून बघितलं नाही. आपलंच बोलणं दुसऱ्या खोलीतून ऐकू यावं तसं वाटतं म्हणायचे. प्रुफांचं सगळं त्यांनी मावशीवर सोडलेलं.

पाचव्या भागात शेवटचं दार बंद होतं त्या पानावर, मधेच, एक ओळ आली. ‘दिवेवाला म्हणाला, “डोळ्यांना जरा सुट्टी दे.”’

मेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर मावशीच्या हातानं सवयीनं लाल रेघ मारली. मग ती तशीच बसून राहिली. पाचला मी पानं न्यायला गेले, तर खोडलेल्या ओळीखाली टिंबं होती. एकेक टिंब इतकं दाबून दिलेलं की कागदाला पलीकडून फोड आला होता. टिंबं म्हणजे राहू द्या. मी राहू दिलं.

मूळ प्रत डावीकडेच होती. ते पान उलटून, लेखकानं ही ओळ खरंच लिहिली आहे का, एवढं बघायला क्षणभर लागला असता. चाळीस वर्षांत तिनं नियम मोडला तो तिथे.

त्या वर्षीचं शंकापत्र तेवीस शंकांचं होतं. तिसऱ्या दाराच्या लोहाराची मुलगी कुठे गेली? विहिरीत टाकलेली अंगठी कोणाला सापडली? राणीच्या भावानं घेतलेल्या शपथेचं काय झालं? एकही शंका खोटी नव्हती, पण त्यातल्या वीस कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. लेखक बिचारे खजील झाले. ‘आपण दाखवलेल्या उणिवा भरून काढण्यासाठी सहावा भाग लिहीत आहे,’ असं त्यांचं उत्तर आलं. प्रकाशकांना आनंदाचं भरतं आलं. वाचकही आधी खूश झाले. दहाव्या भागापासून कुरकुरायला लागले.

दर वर्षी एक भाग, आणि दर भागात दिवेवाल्याची एक ओळ. कधी लढाईच्या ऐन मध्यात, कधी राज्याभिषेकात. मागे संबंध नाही, पुढे संबंध नाही. सहाव्यात तो म्हणाला, ‘काच कोरडी पुसू नये, आधी श्वास सोडावा.’ सातव्यात म्हणाला, ‘पट्टीचे कोपरे झिजलेत.’

आठव्या भागाची प्रुफं वाचून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं मला घरी बोलावलं. भर दुपार होती. स्वयंपाकघरातलं स्टूल तिनं बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं.

“वर चढ आणि माळ्यावरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात हात घाल,” ती म्हणाली.

“काय शोधायचंय?”

“काळी डबी.”

मी हात घातला. चार वर्षांची धूळ, चष्म्यांचे जुने सांगाडे गुंडाळलेलं फडकं, आणि मागे खरंच एक काळी डबी. आत चष्मा. काकांच्या हातचा, दांडीला आतून त्यांची बारीक खूण. मावशीनं तो डोळ्यांना लावला, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि झटकन खाली ठेवलं.

“नंबर माझा आहे,” ती म्हणाली.

“तुझाच असणार. तुझ्यासाठीच केला असेल त्यांनी.”

“आत्ताचा आहे, बये. गेल्या महिन्यात तपासला तो. ते होते तेव्हा माझा नंबर हा नव्हता.”

मग तिनं मला प्रूफ दाखवलं. आठव्या भागात, एका जहाजाच्या प्रवासात, ‘दिवेवाला म्हणाला, “माळ्यावर मागे, काळ्या डबीत.”’ आणि आधीच्या तीन ओळीही सांगितल्या. मीच जुळवलेलं पान ते, आणि मी ते पहिल्यांदा वाचत होते.

“लेखकांना काका कधी भेटले होते?” मी विचारलं.

“कधीच नाही.”

“मग मूळ प्रत...”

“नसत्या चौकशा करू नकोस,” मावशी म्हणाली. मूळ प्रत बघितलीस का, हे जन्मभर विचारणाऱ्या बाईनं मला असं गप्प केलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी रंग आला होता, तो पुसायचं पाप कोण करणार?

तेव्हापासून मावशी त्या मालिकेवर जगू लागली. वर्षाचे अकरा महिने ती नुसती वाट बघायची. हस्तलिखित आलं की मला म्हणायची, “लवकर घे गं जुळवायला.” बारावा भाग आला तेव्हा किल्ल्याला आठ दारं झाली होती, लोहाराच्या मुलीची मुलगी गादीवर होती, आणि खुद्द लेखकही पात्रांची नावं विसरून मावशीला पत्रानं विचारायचे. गोष्टीत दम उरला नव्हता. पण बाराव्यात दिवेवाला म्हणाला, ‘मी निरोप पाठवला होता.’ तेराव्यात म्हणाला, ‘तोंड दाराकडे करून बसलो.’ चौदाव्यात, ‘घड्याळाचा आवाज फार येत होता.’ मावशी खंगत चालली. जेवणाकडे लक्ष नाही, माणसात बसणं नाही. शंकापत्रं मात्र लांब होत गेली.

पंधराव्यात तो म्हणाला, ‘विचारायचं ते विचार.’

ते पान माझ्याकडे आलं तेव्हा समासात मावशीच्या अक्षरात एक वाक्य होतं. तिनं प्रुफात कधी स्वतःचा शब्द घातला नव्हता. ‘त्या चाळीस मिनिटांत तुम्ही माझ्यावर रागावलात का?’

“हे कुठे घालायचं?” मी विचारलं.

“कुठेच नाही. समासातच असू दे.”

सोळाव्यात उत्तर आलं. ‘सांगतो. थोडं थांब.’

सतराव्या भागाचं हस्तलिखित टपालानं आलं नाही. लेखक स्वतः घेऊन आले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना बघत होते. उजवा हात सारखा कापत होता, तो त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता. त्यांनी हस्तलिखित मावशीच्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा.

“ताई, एक विचारू? रागावू नका,” ते म्हणाले. “सगळे वाचक दिवेवाल्याबद्दल लिहितात. तोच त्यांना सगळ्यात जास्त आवडतो म्हणे. पण त्याला तर मी चौथ्या भागात मारला. त्यानंतर त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मला वाटलं, तुम्ही घालता. एवढी वर्षं संकोचानं विचारलं नाही.”

“मी एक शब्द घातला नाही,” ती म्हणाली. “मला वाटत होतं तुम्हीच लिहिता.” मग खाली बघत म्हणाली, “नाही. तसं वाटून घेत होते.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. कपाटातून बारा हस्तलिखितं काढली. आम्ही तिघांनी ती बारा पानं शोधून उलटली. दिवेवाला एकाही पानावर नव्हता. मग मी संगणकावर माझ्या जुळणीच्या फायली उघडल्या. सगळ्यांत होता. बोटं माझी होती. न वाचता टाइप करण्याचा मला केवढा अभिमान होता, तो त्या दुपारी उतरला. बोटांतून काय काय वाहून गेलं होतं, मला पत्ताही नव्हता.

जाताना लेखक दाराशी थांबले. “ताई, माझ्या मते या भागात सगळं संपलंय. पण तुमची शंका आली तर मी अठरावा लिहीन. एकही शंका राहिली तर मला चैन पडत नाही, माझा स्वभावच तसा. फक्त... बायको दोन वर्षं अंथरुणावर आहे. रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून विचारते, संपलं का? मी म्हणतो, एवढं पान संपवून आलोच.”

लेखक गेल्यावर मावशीनं टेबलाची कड घट्ट धरली. “ऐकलंस ना काय म्हणाले?” तिनं मला विचारलं. मी ऐकलं होतं.

सतरावा भाग मी जन्मात पहिल्यांदा वाचत वाचत जुळवला. मोठ्यानं. मावशी शेजारी मूळ प्रत मांडीवर घेऊन बसली आणि पडद्यावरचा प्रत्येक शब्द ताडून बघत गेली. अकरा दिवस लागले. दिवेवाला कुठेही आला नाही. ती निराश झाली हे मला दिसत होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. मग आम्ही प्रुफं काढायला लावली आणि यंत्रातून एकेक कोमट पान बाहेर येताना दोघी तिथेच उभ्या राहिलो.

तीनशे एकेचाळीसाव्या पानावर तो होता.

‘दिवेवाला म्हणाला, “विचारलंस ते सांगतो. पुढच्या भागात.”’

मी पडद्यावर बघितलं, तिथे ती ओळ नव्हती. कागदावर होती. मावशी ते पान घेऊन टेबलाशी बसली. काकांनी केलेला चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. तिनं ओळीखाली पट्टी लावली, पुन्हा वाचली, आणि मग डावीकडे हात नेऊन मूळ प्रतीचं पान उलटलं. तिथे काही नाही हे आम्हाला ठाऊकच होतं. तरी तिनं पानभर बोट फिरवलं.

“पुढच्या भागात,” ती म्हणाली. “हे असं बोलायचे का गं ते कधी?”

“कधीच नाही,” मी म्हणाले. “उद्यावर टाकणारा माणूसच नव्हता.”

“पहिली ओळ त्यांची होती. डबी त्यांचीच. त्याच्यावर माझा विश्वास आहे.” ती पट्टीवर हात ठेवून पुढे म्हणाली, “पण हे ते नाहीत. मी मागत राहिले म्हणून हे येत राहिलंय. मी मागायची थांबले नाही तर अठराव्यातही हेच म्हणेल. विसाव्यातही. आणि तिकडे ती बाई आतल्या खोलीतून विचारत राहील.”

शंकापत्र तिनं आधीच अर्धं लिहून ठेवलं होतं, नऊ शंका होत्या. तिनं लाल पेन उचललं. मला वाटलं आधी ती रेघ मारेल आणि मग टिंबं देईल. देव शप्पथ सांगते, ती टिंबं यावीत असं मलाही वाटत होतं. उत्तर मलाही हवं होतं.

तिनं ओळ खोडली. पेन कागदावर टेकवून ती खूप वेळ बसली आणि ढसढसा रडली, काका गेले तेव्हा रडली नव्हती तशी. टिंबं दिली नाहीत. मग नऊच्या नऊ शंकांवर रेघ मारून खाली लिहिलं, ‘शंका नाही’, आणि सही केली. सहा वाजले होते. तिनं स्वतःच्या हातानं चष्मा काढला, काचेवर श्वास सोडला आणि पदरानं पुसला.

दुसऱ्या प्रुफात तीनशे एकेचाळीसावं पान स्वच्छ आलं. पुस्तक निघालं. वाचकांनी एकदाचं संपलं म्हणून सुस्कारा टाकला आणि दिवेवाला शेवटी कुठे गेला म्हणून तक्रारही केली. वाचकांचं समाधान होणं कठीण. पाचेक महिन्यांनी लेखकांचं दोन ओळींचं पत्र आलं. पत्नी गेली. पण चार महिने रोज संध्याकाळी तिनं विचारलं, संपलं का, आणि रोज ते हो म्हणाले.

मावशी त्यानंतर सहा वर्षं होती. तिचं टेबल मला मिळालं. ती हसायची, दुकानांच्या पाट्या सुधारायची, माणसात आली होती. त्या विषयावर फक्त एकदा बोलली. “आठ पानं होती गं,” म्हणाली. “सोळा असती तरी मी संपवलीच असती. तेव्हा तशीच होते मी.”

शेवटच्या आठवड्यात ती हॉस्पिटलात होती. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. “तुला एक सांगायचं राहिलंय,” म्हणाली. तिला दम लागत होता, आणि माझी पानं खोळंबली होती. मी म्हणाले, “उद्या सांग. आता झोप.” तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पलंग पुसून ठेवला होता.

चार वर्षं झाली. ती गेली त्याच वर्षी त्या राजकन्येच्या मालिकेचा तिसरा भाग आला, शेवटचा. लेखिका तरुण आहे, चोख आहे, शंकापत्राला घाबरते. शेवटून दुसऱ्या पानावर एक विणकरीण होती. दुसऱ्या भागात मेलेली. माझ्या वहीत नोंद आहे. ‘विणकरीण म्हणाली, “मूळ प्रत बघितलीस का?”’

मी रेघ मारली. मग एकेक करून टिंबं दिली.

त्या वर्षी मी लेखिकेला एकोणीस शंका पाठवल्या. चौथा भाग आला, पाचवा आला. परवाचे ते गृहस्थ हातात घेऊन भांडत होते तो सहावा. त्यात दोनशे सातव्या पानावर विणकरीण म्हणते, ‘सांगते. थोडं थांब.’

याच्यापुढे काय येतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मी ते कागदावर छापून बाहेर येताना बघितलंय. कालच सातव्याची प्रुफं आली. उजवीकडे ठेवली आहेत. मूळ प्रत डावीकडे आहे, आणि मी तिच्यावर हात ठेवून बसले आहे.